दहा रात्री, सात मुक्काम आणि आईंचे गुडघे

कोल्हापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४५, बँकेत नोकरी. सहा वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी इटलीच्या सहलीपुरती रक्कम जमवली आहे. येत्या मे महिन्यात दहा रात्रींसाठी जायचं आहे, बरोबर चौदा वर्षांची मुलगी. यजमानांनी आखलेला बेत असा: रोम दोन रात्री आणि त्यातच एका दिवसात नेपल्स-पोम्पेई, फ्लॉरेन्स एक रात्र, वाटेत पिसा, मग चिंक्वे तेर्रे एक, व्हेनिस एक, मिलान एक, कोमो सरोवर एक आणि ‘इतक्या जवळ आलोच आहोत तर’ स्वित्झर्लंड तीन. जाऊबाई म्हणतात, एवढी डोकेफोड कशाला, सरळ ग्रुप टूर घ्या. घरात ७० वर्षांच्या सासूबाई आहेत. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शुद्ध शाकाहारी, गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तिघं जाऊन या, मी राहते धाकट्याकडे.’ भगिनी विचारतात: बेत बरोबर आहे का, टूर घ्यावी की आपलं आपण जावं, आणि आईंना न नेल्याची टोचणी लागून राहिली आहे तिचं काय करावं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष बेताकडे गेलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले: ‘आई स्वतःच मी राहते म्हणाल्या, त्यामुळे तो प्रश्न तसा सुटलाच आहे.’ तो सुटला असता तर पत्राच्या शेवटी तुम्ही पुन्हा त्याच्याकडे वळला नसता. त्यावर मी येणार आहे, पण आधी बेताबद्दल बोलते, कारण आईंचा प्रश्न त्या बेतातच अडकलेला आहे.

तुमच्या बेतात दहा रात्री आणि सात मुक्काम आहेत, म्हणजे सहा वेळा गाव बदलायचं. गाव बदलण्याचा दिवस कसा जातो ते डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठून बॅगा भरायच्या, नाश्ता आटोपून दहा-अकराच्या आत खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडी पकडायची, नव्या गावात उतरून हॉटेल शोधायचं. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी हातात येत नाही. तोवर बॅगा कुठे ठेवायच्या, जेवायचं कुठे, हेच चालतं. गाडीत बसायचा वेळ यातला सगळ्यात कमी. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. हे आकडे नकाशावर फार सोपे दिसतात आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. गाडी दीड तासाची असली तरी दिवस अर्धा जातो. सहा वेळा अर्धा म्हणजे तीन दिवस. दहा रात्रींत हातात येणारे पुरते दिवस नऊ. त्यातले तीन तुम्ही बॅगांना देत आहात.

यजमानांचा विचार मला परका नाही. सहा वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे जमवले की माणसाला वाटतंच, पुन्हा कधी जाणार, एकदाच सगळं बघून घेऊ. पण ‘सगळं’ म्हणजे किती, हे आपण ठरवलेलं नसतं. ती यादी आपल्याकडे जाऊन आलेल्या लोकांच्या फोटोंतून तयार होते. चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठच्या कड्यांवर बसलेली पाच गावं सुंदर आहेत, पण तिथे पायऱ्या आणि चढ संपत नाहीत. शिवाय एका रात्रीत, ती मे महिन्याच्या गर्दीत, तुम्हाला त्यातलं एखादंच धड दिसेल. कोमोलाही सरोवराकाठी संथ बसायला जातात, धावतपळत नाही. आणि स्वित्झर्लंड? त्या तीन रात्री ताई, इटलीतून काढून घेतलेल्या आहेत. पैसे वसूल होणं हे गावांच्या संख्येवर मोजलं तर हा बेत उत्तम आहे. घरी परतल्यावर चौघांना काय आठवेल यावर मोजलं तर नाही.

चौघांना असं मी लिहिलं. आता आईंकडे येते.

‘मी राहते’ हे वाक्य आपल्या घरांतल्या बायका आयुष्यभर म्हणत आल्या आहेत. गाडीत जागा कमी असली की मी राहते. तिकिटं महाग आहेत, मी राहते. ते दरवेळी खरं असतं असं नाही. दरवेळी खोटं असतं असंही नाही. काही जणींना खरोखरच परक्या अंथरुणावर झोप लागत नाही, धाकट्याच्या घरी नातवंडांत रमायला आवडतं, आणि तसं असेल तर त्यांना ओढून नेणं हाही जुलूमच. पण आईंनी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्यांच्यासमोर कोणता बेत होता? सात मुक्काम, रोजची धावपळ, तीन देशांच्या गोष्टी वाटाव्यात इतकी नावं. दुखऱ्या गुडघ्याचं कुणीही शहाणं माणूस त्याला नाहीच म्हणणार. त्या इटलीला नाही म्हणाल्या की त्या बेताला, हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून त्यांना पुन्हा विचारा, पण वेगळा बेत समोर ठेवून. आणि एकटीने विचारा. मुलासमोर त्या नातं सांभाळून बोलतील.

तो वेगळा बेत मी सुचवते. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन. बस. विमानाने रोमला उतरायचं आणि परतीचं विमान व्हेनिसहून धरायचं. मुंबईहून जाताना बहुधा आखातात किंवा युरोपात कुठेतरी विमान बदलावंच लागतं, त्यामुळे एका शहरात उतरून दुसऱ्यातून निघणं जमून जातं. व्हेनिसहून रोमला परत यायचे रेल्वेचे चार तास आणि चौघांची तिकिटं, दोन्ही वाचतात. गाव बदलायचं दोनदाच.

पिसा यजमानांना बघायचाच असेल तर फ्लॉरेन्सहून तासाभराची साधी गाडी आहे. एका सकाळी ते आणि लेक जाऊन येतील. त्या मनोऱ्यावर अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. त्या वेळात तुम्ही आणि आई उशिरा उठा, बाजारात फिरा, चौकात बसा. चौघांनी दहा दिवस एकमेकांना चिकटून राहायला हवं हे आपण का धरून चालतो, मला कळत नाही. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ४६३ पायऱ्यांचा आहे. तिथेही बाप-लेकीने चढावं आणि तुम्ही दोघींनी खाली थांबावं. शहराचा देखावा आईंना दुसरीकडून दाखवा: पियाझ्झाले मिकेलांजेलो नावाचं उंचावरचं मैदान आहे, तिथपर्यंत सिटी बस जाते. मे महिन्यात साडेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो. जेवणं त्यानंतर. तिथे रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी फारसं कुठे मिळतच नाही.

पोम्पेईबद्दल, त्या प्राचीन शहराच्या अवशेषांबद्दल, थोडं स्पष्ट बोलते. रोमहून नेपल्स सव्वा तास, तिथून लोकल गाडी, मग उन्हात दगडी रस्त्यांवरून तीन-चार तास आणि तसंच परत. तुम्ही तिघंच गेलात तर हरकत नाही, पण मग रोमला तेवढा दिवस वाढवा. आई बरोबर असतील तर त्याऐवजी ओस्तिया अँतिका बघा. रोमचं जुनं बंदर, लोकल गाडीने अर्ध्या तासावर. पाईन वृक्षांची सावली, जुन्या दुकानांच्या ओळी, जहाजवाल्यांच्या कचेऱ्यांसमोर जमिनीवर काढलेली काळी-पांढरी चित्रं, त्यांत जहाजं आणि हत्तीसुद्धा. गर्दी खूप कमी. सोमवारी बंद असतं.

आता गुडघे. डॉक्टरांना विचाराच, पण त्याआधी घरची एक चाचणी करा. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी आईंबरोबर रंकाळ्यावर जा. किती मिनिटांनी त्यांना बसावंसं वाटतं आणि बसल्यावर किती वेळाने पुन्हा निघवतं, ते बघून ठेवा. तुमच्या सहलीचं खरं माप तेच. वीस मिनिटं चालून दहा मिनिटं बसणं जमत असेल तर रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस तिन्ही होतील, फक्त दिवसाला एकच मोठी गोष्ट धरायची. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडांच्या फरशा उंचसखल असतात, त्यावर चपला चालत नाहीत. जाड तळव्याचे बूट आत्ताच घ्या आणि रंकाळ्यावरच रुळू द्या. साडीवर बूट कसे दिसतील ही काळजी त्यांना वाटली तर सांगा, तिथे सगळ्या वयाच्या बायका बूटच घालतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत हा नियम साडी आपोआप पाळते, तेव्हा या बाबतीत सगळ्यांत निर्धास्त त्याच असतील.

विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. इटलीतल्या मोठ्या स्टेशनांवर ‘साला ब्लू’ नावाची मदतसेवा आहे. आधी कळवलं तर चालायला त्रास असणाऱ्या प्रवाशाला गाडीत चढवून-उतरवून देतात, पैसे घेत नाहीत. रोमच्या कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या उंच घंटाघरातही आहे. तो मनोरा १९०२ साली कोसळला आणि १९१२ साली पुन्हा तसाच उभा केला. तिथे आई तुमच्याबरोबर थेट वर येतील आणि अख्खं व्हेनिस पायाशी बघतील.

व्हेनिसचं हॉटेल मात्र फार जपून निवडा. मी माझ्या आईला घेऊन गेले होते तेव्हा स्टेशनपासून हॉटेल ‘फक्त दहा मिनिटांवर’ होतं. त्या दहा मिनिटांत चार पूल आले आणि पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. मी एकेक बॅग वर नेऊन ठेवायची, परत खाली यायचं, मग आईचा हात धरायचा. तिसऱ्या पुलावर ती कठड्याला टेकून म्हणाली, ‘तू हो पुढे, मी येते सावकाश.’ ते ‘मी राहते’चंच भावंड आहे, ताई. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसच्या, थांब्यापासून एकही पूल ओलांडावा लागणार नाही असं हॉटेल बघा. हॉटेलला लिहून विचारा, ते सांगतात. मेस्त्रेला, म्हणजे जमिनीवरच्या भागात, खोल्या स्वस्त मिळतात. पण मग रात्रीचं व्हेनिस, दिवसाचे पाहुणे परतल्यावरचं, दिसत नाही आणि व्हेनिसमध्ये राहायचं ते त्याच्यासाठीच. स्टेशनपासून १ नंबरची वापोरेत्तो घ्या, ती ग्रँड कॅनॉलमधून हळूहळू सेंट मार्कपर्यंत जाते. पाऊण तास बसून दोन्ही बाजूंचे वाडे बघायचे. एकवेळचं तिकीट साडेनऊ युरोचं, म्हणून दोन दिवसांचा पास काढा. गोंडोलाचा दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे, तो नावेमागे, माणसामागे नव्हे. चौघांत बसलात तर परवडेल का ते तुमचं तुम्ही ठरवा. एप्रिल ते जुलैमधल्या काही दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना व्हेनिस प्रवेशशुल्क लावतं. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, पण सवलतीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

जेवणाचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, ‘आईंचे फार हाल होतील.’ मला तसं वाटत नाही. एक गोष्ट मात्र त्यांना आधी सांगा, लपवू नका: पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीज तयार करताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरतात. शाकाहारी समजल्या जाणाऱ्या कितीतरी पास्त्यांवर ती किसून घातलेली असतात, पेस्तोच्या चटणीतही असतात. खायचं की नाही ते त्या ठरवतील, पण कळून ठरवू दे. नको असेल तर ‘सेंझा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, एवढं लेकीला पाठ करायला सांगा. मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो. लसूण-मिरची-ऑलिव्ह तेलाची साधी स्पॅगेटी आपल्या जिभेला लगेच कळते. फ्लॉरेन्सकडे शिळ्या पावाचं आणि टोमॅटोचं ‘पाप्पा अल पोमोदोरो’ मिळतं, घट्ट सारासारखं, दात नसलेल्यालाही खाता येईल असं. तिथल्या पावात मीठ नसतं, ते बिघडलेलं नाही, रीतच तशी आहे. आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात पाणी, मीठ, तेल घालून भट्टीत भाजलेली ‘चेचीना’ टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, दिसली तर सोडू नका, आई एका घासात ओळखतील की हे आपलं बेसनाचं धिरडं. सूप मागताना मात्र विचारा, भाज्यांच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं.

फ्लॉरेन्सच्या चार रात्री स्वयंपाकघर असलेल्या घरात काढा. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भरपूर तांदूळ पिकतो. आर्बोरियो नावाचा आखूड, पिठूळ तांदूळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो आणि जास्त पाणी घालून शिजवला की आपल्या मऊ भातासारखा होतो. दही तिथलं छानच असतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दशम्या तुम्ही नेणारच. पण खवा, पेढे, तूप नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. यजमानांचा तांबड्या-पांढऱ्याचा वियोग दहा दिवसांचाच आहे, आणि टस्कनीत त्यांची चांगली सोय होईल. घर घेताना लिफ्ट आहे का हे विचारताना ‘लिफ्टपर्यंत किती पायऱ्या’ हेही विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती पहिल्या जिन्यानंतर सुरू होते. आणि एक दिलासा, जो बायका एकमेकींना कानात सांगतात: इटलीत घराच्या बाथरूममध्ये धुण्याचं भांडं, बिडे, असतंच. १९७५ पासून तसा नियमच आहे.

आता जाऊबाईंची सूचना. ग्रुप टूरला मी नावं ठेवणार नाही. मराठी बोलणारा माणूस बरोबर, डाळ-भात, व्हिसाच्या कागदांची काळजी नाही, बॅगा बसमध्ये. ज्यांना परक्या देशात ठरवत बसण्याचाच ताण येतो त्यांच्यासाठी ती खरी सोय आहे. पण नोंदवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. हॉटेल शहरात आहे की बाहेर हमरस्त्यावर? कार्यक्रमात लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी आत प्रवेश आहे की बाहेरून दर्शन? आणि दिवसातून सलग किती तास एका जागी मिळतील? बस जुन्या शहरांच्या गाभ्यात जाऊ शकत नाही, त्यामुळे टूरमध्येही चालणं बरंच असतं आणि ते चाळीस जणांच्या वेगाने. आईंच्या गुडघ्यांना तो वेग जड जाईल. तुम्ही बँकेत रोज लोकांचे कागद तपासता, लेकीला फोनवर सगळं सापडतं. तीन गावांचा बेत तुम्हाला झेपेल. हवं तर रोम आणि फ्लॉरेन्सला एकेक सकाळ तिथला स्थानिक गाइड घ्या.

आपलं आपण जायचं तर तिकिटांचं वेळापत्रक सांभाळावं लागेल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत करा, एप्रिलवर ढकलू नका. मोठ्यांची फी ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. लेक बारा वर्षांच्या पुढची असल्याने तिलाही पूर्ण. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईंच्या वयाला आणि गुडघ्यांना तो काय देतो ते नीट वाचा. रद्द करता येतील अशाच खोल्या आरक्षित करा. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात. साध्या, म्हणजे रेजिओनाले गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, विसरलात तर दंड. स्टेशनावर नावं इटालियनमध्ये दिसतील: फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्स, वेनेझिया सांता लुचिया म्हणजे खरं व्हेनिस, ‘वेनेझिया मेस्त्रे’ लिहिलं असेल तर उतरू नका. हे फलक वाचायचं काम लेकीकडे सोपवा.

कोलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात, वेळेची आणि नावाची असतात, दारात ओळखपत्र बघतात. इथे आपल्याकडे एक घोळ होतो. पासपोर्टवर आपल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि तिकिटावर आपण ते गाळतो. पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. सरकारी संग्रहालयांत अठराच्या आतल्या मुलांना मोफत प्रवेश आहे, परदेशी मुलांनाही, पण लेकीचं शून्य दराचं तिकीट काढावंच लागतं. फ्लॉरेन्सची उफ्फीझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट असल्याने रांग बघवत नाही. तिथलं चालणं सगळ्यांत लांब, आईंसाठी ती गोष्ट गाळली तरी चालेल. त्यांना रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळात न्या. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ४३ मीटर व्यासाचा घुमट, मधोमध आकाशाला उघडं भोक, त्यातून उन्हाचा गोल भिंतीवर सरकत असतो. पाऊस आला तर आतही पडतो. तिथे बाकावर बसून अर्धा तास वर बघत राहायचं, गुडघ्यांचं काही काम नाही.

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हा कोल्हापूरकरांसाठी. तुमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. सातवाहनांच्या काळात रोमन जगातून आलेली. लेकीला जाण्याआधी ती दाखवा. मग फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकातल्या कारंज्यात तोच देव नेपच्यून या नावाने उभा दिसेल तेव्हा तिला कुणी काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि फ्लॉरेन्सला एक संध्याकाळ राखून ठेवा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना तिथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. वय अवघं वीस. राजर्षी शाहू महाराज गादीवर बसले त्याच्या २४ वर्षं आधीची ही गोष्ट. त्या काळी इटलीत दहनाची रीत नव्हती, पण नगरपालिकेने परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे १८७४ साली छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला. शेजारचा पूल १९७८ पासून ‘पोन्ते अल्ल्इंदियानो’, भारतीय माणसाचा पूल, म्हणून ओळखला जातो. हे सगळं कास्चिने नावाच्या लांबच लांब बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, म्हणून आईंना घेऊन जाताना ट्रॅमच्या भरवशावर राहू नका, सरळ टॅक्सी करा आणि परतीची वेळ तिलाच सांगून ठेवा. उजेड असेपर्यंत जा.

हे आईंना विचारताना सांगा. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवलेल्या बाईला ‘तुमच्या गुडघ्यांना झेपेल का’ असं आधी विचारू नका. कास्चिनेच्या संगमाबद्दल सांगा आणि मग विचारा, येता का. त्यानंतरही त्या ‘मी राहते’ म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय. तुम्ही निर्धास्त जा, तोच संथ बेत घेऊन, आणि त्या संगमावरून त्यांना फोन करा.

आईंचा पासपोर्ट आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. नसेल तर कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, याच आठवड्यात अर्ज भरा. त्यावर सही त्यांची लागते, तेव्हा कागद घेऊन तुम्हाला त्यांच्यासमोर बसावं लागेलच.